आवरून घे

लहान मुलींच्या फ्रॉकला कमरेशी ज्या चुण्या असतात ना, त्या आपोआप पडत नाहीत. कुणाला तरी त्या घालाव्या लागतात. कपड्यांच्या त्या कारखान्यात हे काम जी बाई करायची तिला सगळे चुणीबाई म्हणत. तिच्या शेजारी बसून बटणांची घरं शिवायची ती काजवाली. दोघींची खरी नावं पगाराच्या दिवशीच ऐकू यायची, आणि तेव्हा दोघीही क्षणभर इकडेतिकडे बघत, ही कोण नवीन म्हणून.

चुणीचं काम दिसायला पोरखेळ. खालचा घेर भला मोठा आणि कमरेची पट्टी एवढीशी. त्या घेराला पट्टीत बसवायचं कसं? तर काठाजवळून दोन ओळी कच्चे टाके घालायचे, लांब लांब, सैल. एका टोकाला गाठ मारायची आणि दुसऱ्या टोकाचा दोरा हलक्या हाताने ओढत जायचं. कापड आपसूक जवळ येतं. मग बोटांनी चुण्या सारख्या करायच्या, वर पट्टी ठेवून पक्की शिलाई मारायची, आणि सगळ्यात शेवटी तो कच्चा दोरा ओढून काढायचा. राहिला तर वरून दिसतो आणि माल परत येतो. नव्या मुलींना शिकवताना चुणीबाई हे शेवटचं दोनदा सांगायची, कारण नेमकं तेवढंच त्या विसरायच्या.

चुणीबाई राहायची धाकट्या भावाकडे, मागच्या खोलीत. तिचं लग्न जमलं होतं, पण नवऱ्याशी जमलं नव्हतं. त्याचा हात उठायचा. माहेरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "जमवून घे." पुन्हा आली, पुन्हा तेच, "जमवून घे." शेवटी डोळ्याखालचं काळंनिळं लपेना, तेव्हा ती एक पिशवी घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. आई तोवर गेली होती, त्यामुळे जमवून घ्यायला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. भाऊ म्हणाला, "ये ताई. घर तुझंच आहे." भला माणूस होता, बोलला ते मनापासून बोलला. पण हे वाक्य मोठं लबाड असतं. ज्याचं घर खरोखर असतं, त्याला ते कुणी सांगायला जात नाही.

पुढे भावाला मुलगी झाली, चिंगी. भावजयीची दवाखान्यात पाळीची नोकरी, म्हणजे कधी सकाळ, कधी दुपार. तेव्हा चिंगीला न्हाऊमाखू घालणं, वेणी घालणं, शाळेत पोचवणं हे सगळं आत्याकडे आलं. रोज सकाळी "चिंगे, आवर लवकर!" ही आरोळी शेजारच्या दोन घरांपर्यंत जायची. शाळा सुटली की पोरगी थेट कारखान्यात यायची आणि कापाकापीच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून अभ्यास करायची. मुकादम डोळे वटारायचा, पण चुणीबाईपुढे त्याची डाळ शिजायची नाही. चुण्यांना तिच्यासारखा हात दुसरा नव्हता आणि हे त्याला ठाऊक होतं.

एकदा चिंगीने टेबलाखालून विचारलं, "आत्या, गॅदर म्हणजे काय गं?" इंग्रजीच्या बाईंनी एकच शब्द दिला होता आणि त्याचे सापडतील तितके अर्थ आणायला सांगितले होते.

"तुमच्या शाळेत गॅदरिंग नसतं का? नाच-बिच? म्हणजे जमणं," चुणीबाई म्हणाली.

"आणि आपल्या ऑर्डरीवर लिहितात की," काजवाली म्हणाली. "गॅदर्स कमी करा, कापड वाचवा. चुण्या म्हणजेसुद्धा गॅदर."

चिंगीने मांडीवरचा शब्दकोश उघडला. "इथे लिहिलंय, फुलं गॅदर करतात."

"छे. फुलं वेचतात."

"लाकडं?"

"लाकडं गोळा करतात. वेचशील एखादवेळी, पण ती बारीक काटक्या असल्या तर."

"धीर?"

"धीर एकवटतात. असला तर."

"गाडी वेग गॅदर करते."

"घेते. आणि फोडात पू धरतो, आणि खड्ड्यात पाणी साचतं. पुढे बोल."

"कपाट धूळ गॅदर करतं."

"आपल्याकडे खातं," काजवाली म्हणाली. "आपली कपाटं उपाशी असतात ना."

आसपासच्या चार मशिनी हसण्यात बंद पडल्या. मुकादम आला, बघून गेला. चुणीबाईला खरंच नवल वाटत होतं. एवढ्या सगळ्याला मिळून एकच शब्द? फुलालाही तोच आणि पुवालाही तोच? "गरीब आहेत गं बिचारे," ती म्हणाली. "आणि आवरणं लिहिलंस का? पसारा आवरायचा, केस आवरायचे, रडू आवरायचं. आवरता आवरता बाईचा जन्म सरतो, तेवढं तरी लिही."

"शेवटचा एक राहिला," चिंगी पानावर बोट ठेवून म्हणाली. "समजणं. पण नुसतं समजणं नाही. म्हणजे कुणी सांगत नाही, आपणच इकडचं तिकडचं कानावर पडलेलं वेचायचं आणि ओळखायचं. त्याला पण गॅदर."

"म्हणजे घरातली ताकास तूर लागू देत नाहीत आणि आपल्याला तरी कळतं, ते?" चुणीबाई म्हणाली. "अगं, मग तो आमचाच शब्द. आम्हाला आजवर दुसऱ्या कुठल्या रीतीने काही कळलंय?"

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त अर्थ चिंगीचे निघाले. बाईंनी विचारलं, कुणी सांगितले? ती म्हणाली, माझ्या आत्याने. ही गोष्ट चुणीबाईने कारखान्यात इतक्यांदा सांगितली की शेवटी काजवालीच वैतागून म्हणाली, "बास कर बाई, त्या शब्दाला आता लोक जमतील."

त्यानंतर काय झालं ते कुठल्याही कारखान्यात होतं. चुण्या घालणारं मशीन आलं. एका बाजूने कापड सरकवायचं, दुसऱ्या बाजूने चुण्या पडून बाहेर. चुणीबाईला लोंबते दोरे कातरायला बसवलं. नाव मात्र चुणीबाईच राहिलं. मग नजर अधू झाली आणि तेही काम सुटलं. इकडे चिंगी शिकली, मोठ्या कचेरीत दुभाषी झाली. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायचं आणि त्याबद्दल लोक मान देतात, असं चुणीबाईच्या डोक्यात त्या नोकरीचं चित्र होतं. चिंगीचं लग्न झालं. जावई शांत, नाकासमोर चालणारा. आणि एक दिवस बातमी आली की दोघांनी नवं घर घेतलं आहे, भाड्याच्या या खोल्या सोडायच्या, आणि आता सगळ्यांनी तिथे एकत्र राहायचं.

सगळ्यांनी. हा शब्द चुणीबाईने ऐकला आणि गाठीला बांधला.

चिंगी टेप घेऊन आली. "आत्या, पडदे तूच शिवायचेस. तुझ्या चुण्यांचे. विकतचे मला घरात नकोत." चुणीबाईला आकाश ठेंगणं झालं. किती वर्षांनी कुणी तिला चुण्या घालायला सांगत होतं! चिंगीने मापं सांगितली. बाहेरच्या खोलीची खिडकी, तिच्या खोलीची, आईबाबांच्या खोलीची.

"आणि मागच्या खोलीची?" चुणीबाईने विचारलं. घराचा नकाशा तिने चिंगीच्या फोनवर पाहिला होता. मागे एक छोटी खोली होती, तिच्या आताच्या खोलीएवढीच.

"ती ना?" चिंगी टेप गुंडाळत म्हणाली. "ती लहानच आहे गं. बघू."

बघू! या शब्दावर दुसरी एखादी बाई रात्रभर विचार करत पडली असती. चुणीबाई दुसऱ्या दिवशी दुकानात गेली आणि आपल्या पैशाने निळं कापड घेऊन आली, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. चिंगीचे तीन पडदे तिने जुन्या मशीनवर शिवले, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाका मारमारून. चौथ्याला नुसते कच्चे टाके घातले आणि दोरा ओढून चुण्या तेवढ्या पाडून ठेवल्या. पट्टी तिथे गेल्यावर, खिडकीची नेमकी उंची बघून बसवायची होती. आपल्याच खोलीतलं काम, घाई कसली?

काजवाली भेटायला आली तेव्हा तिने तो निळा पडदा तिच्यापुढे पसरला.

"ती खोली तुझी आहे असं म्हणालं का कुणी?" काजवालीने विचारलं.

"म्हणायला कशाला लागतं? घरातल्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का?"

"लागतं बाई. निदान एकदा तोंड उघडून म्हणावं लागतं. विचार जा त्यांना."

"तुझ्या जिभेला हाड नाही. कुणाचं चांगलं बघवत नाही तुला."

काजवाली पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठून गेली. पुन्हा आली नाही. चुणीबाईनेही बोलावलं नाही.

आता चिन्हं काही कमी होती असं नाही. ती खोलीत गेली की बोलणी थांबत. भावजय, जी तिला वर्षानुवर्षं फक्त "हे राहिलंय" आणि "ते राहिलंय" एवढंच बोलायची, ती एकाएकी "ताई, बसा, दमला असाल" म्हणू लागली. भाऊ जेवताना मान वर करेना. चिंगीने एकदा मध्येच विचारलं, "आत्या, तुला बायकांच्यात राहायला आवडतं ना? कारखान्यात कशी छान रमायचीस!" आणि सामान हलायला लागलं तेव्हा सगळं गेलं, अगदी मोडका पाट गेला, पण चुणीबाईची खाट आणि कपाट जिथल्या तिथे. "ते नंतर बघू," भाऊ म्हणाला. जन्मभर भिंतीपलीकडची कुजबुज वेचून जिने घरातलं सगळं ओळखलं, तिला या वेळी काही कळलं नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचं नव्हतं. तिने आपली समजूत घातली की खोलीला रंग देत असतील, मला चकित करायचं असेल.

मंडळी नव्या घरी गेली. रविवारी तिथे नात्यातले, ओळखीचे सगळे जमायचे होते. भावाचा फोन आला.

"ताई, रविवारी सकाळी तुझं आवरून घे. गाडी पाठवतो."

"तू येत नाहीस?"

"इथे माणसं येणार ना. गाडीवाला चांगला आहे. तू फक्त तुझं आवरून घे, म्हणजे खोळंबा नको."

आवाज जरा ओढलेला वाटला. धावपळीने दमला असेल बिचारा, असं म्हणून तिने फोन ठेवला.

रविवारी चुणीबाईने अगदी छान आवरलं. न्हाली. ठेवणीतले कपडे काढले, त्यांना इस्त्री केली. केस चापूनचोपून बसवले, चिंगीने कधीतरी दिलेली अत्तराची बाटली उघडली, ती वाळली होती तरी रिकामं बूच कानामागे टेकवलं. चौथा पडदा चुण्या न मोडता घडी करून, कागदात गुंडाळून मांडीवर घेतला आणि खाटेच्या कडेला बसली. रिकाम्या घरात तिच्या खोलीतलं घड्याळ तेवढं वाजत होतं. लग्नाला निघालेल्या मुलीसारखं तिचं सारखं दाराकडे लक्ष होतं, आणि आपलं आपल्यालाच हसू येत होतं.

खाली गाडी थांबली. तो छोटा टेम्पो होता, मागे दोरखंड पडलेले. वर आलेला चालक उंच, घामाघूम. त्याने खोलीत नजर फिरवली.

"आजी, सामान कुठाय?"

"कसलं सामान? मला एकटीलाच जायचंय. कार्यक्रमाला."

"मला तर सांगितलंय, एक बाई आणि त्यांचं सामान. खाट नाही न्यायची, तिथे असते म्हणाले. कपडे, भांडी असली तर तेवढी." त्याने फोन काढून पत्ता वाचला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा रस्ता होता आणि पुढे लिहिलं होतं, एकट्या वृद्ध महिलांचं निवासस्थान.

तिने त्याला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज उतरला. त्याला काय झालंय ते उमगलं असावं, कारण तो एकदम खाली बघू लागला. "मी खाली थांबतो, आजी," तो म्हणाला. "घाई नाही. तुम्ही निवांत आवरा."

आवरा! तेव्हा कुठे तिला भावाचं वाक्य नीट ऐकू आलं. तुझं आवरून घे. ती केस विंचरून बसली होती आणि भावाने तिला गाशा गुंडाळायला सांगितलं होतं. शब्द तोच. ती सत्तरीची बाई, कानामागे अत्तर लावून बसली होती. तिला त्या रिकाम्या घरात, कुणी बघत नसताना, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने चिंगीला फोन लावला. पलीकडे हसण्याबोलण्याचा गलका होता.

"आत्या! निघालीस का? अगं, फार छान जागा आहे ती, मी स्वतः बघून आलेय. बाग आहे, डॉक्टर येतात, सगळ्या तुझ्याच वयाच्या. तुला जमेल तिथे."

"मला कुणी सांगितलं नाही, चिंगे."

गलका जरा लांब गेला. चिंगी दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"बाबा बोलले नाहीत तुला? ते म्हणाले, मी बोलतो. आई म्हणाली, बोलले. आणि मला वाटलं..." ती अडखळली. "मला वाटलं, एव्हाना तुझं तुला समजलं असेल."

"गॅदर," चुणीबाई म्हणाली.

"काय?"

"काही नाही. तुझ्या पुस्तकातला शेवटचा अर्थ."

मग चिंगीचा आवाज रडवेला झाला. "आत्या, मागच्या खोलीत ह्यांचं काम असतं गं, घरूनच करतात ते. मी दर रविवारी येईन तुला भेटायला."

चुणीबाईला राग आला होता. असा राग तिला नवऱ्याचाही आला नव्हता, कारण त्याला तिने वाढवलं नव्हतं. भाऊ भित्रा निघाला, त्याचं एवढं नाही, तो लहानपणापासून भित्रा. पण हिच्या वेण्या घातल्या, हिला ताप आला की रजा टाकल्या, हिच्यासाठी मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. कामापुरता मामा म्हणतात, आत्याला तर म्हणीतही मिशांपुरतंच घेतलंय. हे सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"पडदे बसले का नीट?"

"इतके सुंदर!" चिंगी घाईने म्हणाली. सुटल्यासारखी म्हणाली. "आल्यापासून सगळे चुण्यांचंच कौतुक करतायत."

"बाहेरच्या खोलीतल्या पडद्याचा कच्चा दोरा काढायचा राहिला होता माझ्याकडून. दिसत असेल."

"हो, दिसत होता, पांढरा. मी काढला ना सकाळीच. एक टोक धरून ओढला तर सरसर निघून आला. टाकून दिला."

"बरं केलंस," चुणीबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती उठली. कपाटातले कपडे काढले, पण घालायचे कशात? पेट्या, पिशव्या सगळं नव्या घरी गेलं होतं. ती ज्या पिशवीनिशी इथे आली होती ती पिशवी केव्हाच चिंगीच्या दप्तराला ठिगळ म्हणून लागली होती. तिने मांडीवरचा कागद सोडवला. निळा पडदा खाटेवर ठेवला. काठाशी चाचपून कच्च्या दोऱ्याचं टोक शोधलं, नखाने वर काढलं आणि ओढलं. बोटाबोटाने सारख्या केलेल्या चुण्या एकामागून एक सुटत गेल्या आणि कापड सपाट होऊन खाटभर पसरलं. त्यात तिने कपडे ठेवले, कात्री ठेवली, घड्याळ उतरवून ठेवलं, आणि चारही टोकं उचलून गाठ मारली.

गाठोडं घेऊन ती जिना उतरली. चालकाने ते तिच्या हातातून घेतलं आणि मागे जिन्याकडे पाहिलं, अजून काही येतंय का म्हणून.

"एवढंच, आजी?"

"एवढंच," चुणीबाई म्हणाली. "आवरलं माझं."